वस्त्राची मुद्रा आणि कष्टाची ग्वाही

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. या यात्रेस देवदर्शनाइतकीच जनावरांच्या बाजाराचीही ख्याती आहे. तेथे घोडा किंवा लाल कंधारी बैल विकत घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या शब्दावर सहसा विसंबत नाही. तो जनावराचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच पैशाला हात घालतो. तोच शेतकरी घरच्या माणसांसाठी कापड घेतो, तेव्हा मात्र पोत बोटांनी चाचपून पाहण्यापलीकडे त्याची परीक्षा जात नाही. यात त्याचा दोष नाही. जनावराचा पूर्वेतिहास जनावराच्या अंगावर लिहिलेला असतो. कापडाचा तसा नसतो. कापूस कोणी वेचला, वेचणारीच्या पदरात काय पडले, रानात कोणते विष फवारले गेले, सूत कोणी काढले, शिवणारी बाई किती तास बसली, यांपैकी एकही गोष्ट घडी घातलेल्या वस्त्रावर दिसत नाही. म्हणून कापडाच्या बाबतीत गिऱ्हाइकास नावावर, मुद्रेवर, छापेवर भरवसा ठेवावा लागतो.

पूर्वी ही छाप मालाच्या टिकाऊपणाची आणि रंगाच्या पक्केपणाची ग्वाही देत असे. अलीकडे, जिला सर्वत्र ‘ब्रँड’ म्हणतात ती छाप, मालाबरोबर नीतीचीही ग्वाही देऊ लागली आहे. हा कापूस सेंद्रिय आहे, हे वस्त्र पर्यावरणास जपून केलेले आहे, ते करणाऱ्यास न्याय्य मजुरी मिळालेली आहे, असे तीवर लिहिलेले असते. अशा ग्वाहीची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न पुष्कळांस अगदी नवा आणि परदेशातून आलेला वाटतो. आमच्या मते तो तसा नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाचा ऊहापोह शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे आणि त्याचे सर्वांत धीट उत्तर वर्ध्यास दिले गेले. तो इतिहास ध्यानी घेतला, तर आजच्या छापांची पारख करण्यास एक साधे माप हाती येते. ते माप असे की, कोणतीही मुद्रा जेवढे मोजते तेवढ्याचीच साक्ष देते. जे मोजलेले नाही, त्याविषयी ती मुकी असते, आणि अन्याय बहुधा त्या मुक्या जागीच दडून बसतो.

प्रथम स्वदेशीची छाप पाहू. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, खादीचा पोषाख करून गेले, तेव्हापासून देशी कापड वापरणे हा महाराष्ट्रात नीतीचा विषय झाला. हे कापड पुढे मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांतून येऊ लागले. त्या गिरण्यांतील मजुरांची स्थिती काय होती, हे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी-मजुरांची संस्था काढून जगापुढे मांडले. त्यांच्या मागण्या आज वाचताना संकोच वाटावा इतक्या माफक होत्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि केलेल्या कामाचा पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. जे कापड देशाभिमानाने अंगावर घ्यावयाचे, ते विणणाऱ्यास सहा वर्षे एका सुट्टीसाठी अर्ज करावे लागले, ही गोष्ट स्वदेशीच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली जात नाही.

१९०५ साली वंगभंगाच्या चळवळीने स्वदेशीस भरती आली. ऑक्टोबरात पुण्यास विलायती कापडाची होळी झाली. देशी धोतरास आणि लुगड्यास मागणी एवढी वाढली की गिरण्यांस माल पुरवता येईना. नेमक्या याच सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्यापूर्वी सूर्य मावळला की यंत्रे थांबत. आता सूर्याचा तो अंकुश नाहीसा झाला आणि कामाचा दिवस चौदा-चौदा, क्वचित पंधरा तासांवर गेला. पुढे सरकारने चौकशी-समित्या नेमल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापडाच्या गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घातली गेली. याचा अर्थ असा नव्हे की स्वदेशीची चळवळ खोटी होती. तिचे माप खरेच होते; परंतु ते एकच होते. कापड कोठे झाले, एवढेच ती विचारीत असे. ते किती तासांत आणि कोणाच्या हाडांवर झाले, हे तिच्या मुद्रेत बसत नव्हते. ज्या मध्यम वर्गाने त्या वेळी देशी धोतर जादा दाम मोजून घेतले, त्याचा त्याग खरा होता. मात्र त्या जादा दामातला वाटा मागाशी उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत पोचवण्याची सोय कोणीच केलेली नव्हती.

याच काळी अमेरिकेत एक वेगळा प्रयोग चालू होता, त्याची माहिती येथे उपयोगी पडेल. १८९९ साली तेथे राष्ट्रीय ग्राहक संघ स्थापन झाला. फ्लॉरेन्स केली या विदुषीच्या नेतृत्वाखाली या संघाने स्त्रियांच्या आणि मुलांच्या सुती अंतर्वस्त्रांसाठी एक पांढरी चिठ्ठी काढली. जो कारखाना कायदा पाळील, सर्व काम आपल्या छपराखाली करून घेईल, जादा तास राबवणार नाही आणि सोळा वर्षांखालील मुलांस कामास लावणार नाही, त्यालाच ती चिठ्ठी आपल्या मालावर शिवता येई. संघाच्या तपासनीस बाया कारखान्यात स्वतः जाऊन पाहत. स्वदेशीने जे विचारले नव्हते, ते येथे विचारले गेले. तरीसुद्धा ही चिठ्ठी कारखान्याच्या दारातच थांबली. ज्या दक्षिणेकडील मळ्यांतून त्या अंतर्वस्त्रांचा कापूस येई, तेथे काळे खंडकरी कर्जाच्या पाशात कापूस पिकवीत होते आणि त्यांची पोरे तो वेचीत होती. त्यांच्यासाठी चिठ्ठीत एक ओळही नव्हती. १९१८ साली हा उपक्रम बंद झाला. त्यापासून मिळणारा धडा एवढाच की, डोळे उघडे ठेवणारी मुद्रासुद्धा तिची नजर जेथवर पोचते तेथवरचेच पाहते.

आता खादीकडे वळू. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. संघाने दुकानांस आणि उत्पादन-केंद्रांस प्रमाणपत्रे देण्याची पद्धत घातली. ‘प्रमाणित खादी’ हा शब्द त्यामुळे घरोघर झाला. हाताने कातलेले आणि हाताने विणलेले, या दोन अटी पुऱ्या झाल्या की कापडास खादीचे नाव मिळे. गिरणीच्या सुताने विणलेले कापड खादी म्हणून खपविणाऱ्यांपासून या प्रमाणपत्राने लोकांचे संरक्षण केले, हे खरे. परंतु हात कोणाचा आणि त्या हातावर संध्याकाळी काय ठेवले जाते, हे या दोन अटींत नव्हते. खादी महाग असल्याची तक्रार शहरांत सतत होई. सबब ती स्वस्त करण्याकडे कार्यकर्त्यांचा ओढा राहिला. विणकर आपल्या कसबामुळे बाजारभावाने मजुरी वसूल करून घेई. पिंजारी आणि धोबी यांचेही दर ठरलेले होते. काटकसर करण्यास एकच जागा उरली, ती म्हणजे कातणारी. दिवसभर चरखा फिरवून तिच्या हाती जेमतेम आणाभर पडे. ज्या वस्त्रास दरिद्रीनारायणाचे वस्त्र म्हणून मान होता, त्याची सर्वांत कमी मजुरी त्याच दरिद्रीनारायणाच्या पदरी पडत होती.

या विसंगतीवर बोट ठेवणारा मनुष्य खादीचा शत्रू नव्हता; तो खादीचा जनक होता. १९३५ सालच्या उन्हाळ्यापासून गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून हा विषय लावून धरला आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्धा येथे चरखा संघाच्या कार्यकारी मंडळाने त्याविषयी ठराव केला. त्या ठरावाचे मर्म आम्हांस आजही विलक्षण वाटते. कातणाऱ्यास आठ तासांच्या कुशल कामाबद्दल निदान एवढी मजुरी मिळाली पाहिजे की, तीतून वर्षाकाठी २० वार कापड आणि शास्त्रीय रीतीने ठरविलेल्या किमान आहाराइतके अन्न भागेल, असे त्यात म्हटले होते. येथे मजुरी बाजारभावावरून ठरवलेली नाही, शेजारच्या मजुरीशी तुलना करूनही ठरवलेली नाही; ती माणसाच्या पोटावरून आणि अंगावरच्या वस्त्रावरून उलट्या दिशेने मोजत आणलेली आहे. आधी माणसास जगण्यास काय लागते ते पाहावे, मग सुताचा दर काढावा, आणि मग कापडाची किंमत ठरवावी. व्यापाराचा नेहमीचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो. तेथे आधी गिऱ्हाइकास परवडेल ती किंमत ठरते आणि तीतून सर्वांचे वाटे गेल्यावर जे उरते ते सर्वांत दुबळ्याच्या ओंजळीत पडते.

या ठरावास विरोध झाला आणि तो करणारी माणसे स्वार्थी नव्हती. वर्षानुवर्षे खांद्यावर गठ्ठे घेऊन खादी विकणाऱ्या कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, मजुरी वाढली की किंमत वाढेल, किंमत वाढली की खप घटेल, आणि खप घटला की ज्या बाईला आणा मिळत होता तिला तोही मिळणार नाही. हा आक्षेप आजही प्रत्येक कारखानदाराच्या तोंडी असतो, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. त्यात तथ्य आहे. मजुरी वाढविल्याने सर्वांचे काम टिकेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. गांधीजींचा पक्ष असा होता की, उपाशी माणसाकडून स्वस्तात करून घेतलेली खादी विकण्यापेक्षा कमी खादी विकलेली बरी. नाहीतर गिरणीत आणि चरख्यात फरक तो काय? ठरावाबरोबर कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी, अशीही अपेक्षा ठेवण्यात आली. कातणारीस जे वस्त्र परवडत नाही ते तिचे वस्त्र कसे म्हणावे, हा त्यामागील विचार होता.

ठराव कागदावर राहू नये म्हणून कोणी काय केले, याचे एक उदाहरण वर्ध्याजवळच सापडते. नालवाडीच्या आश्रमात विनोबा भावे यांनी त्याच वर्षी कातण्याच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग स्वतःवर केला. दर ठरविणाऱ्याने त्या दरावर जगून पाहावे, यापेक्षा सचोटीची तपासणी आम्हांस माहीत नाही. हल्लीच्या तपासनिसांनी आपल्या अहवालास जोडण्यापूर्वी या प्रयोगाचे चिंतन करावे, असे म्हणण्याचा मोह होतो. पुढे १९४४ साली तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी चरखा संघापुढे नवसंस्करणाची कल्पना मांडली आणि शहरात विकण्यासाठी खादी काढण्यापेक्षा खेड्याने स्वतःच्या अंगासाठी ती काढावी, यावर भर दिला. म्हणजे एकोणीस वर्षांच्या अनुभवानंतर त्यांचा कल दूरच्या गिऱ्हाइकाच्या सद्‌भावनेवर अवलंबून न राहण्याकडे झुकला होता.

याच विचाराची दुसरी बाजू मगनवाडीत राहणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी मांडली. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते सूत्रधार होते. त्यांचे प्रतिपादन असे की, वस्तू विकत घेणे हा निव्वळ पैशाचा व्यवहार नसून ती वस्तू ज्या परिस्थितीत झाली तिचा काही वाटा घेणाऱ्याकडे येतो. गुलामीच्या श्रमातून झालेला माल स्वस्त मिळाला म्हणून घरी आणणारा त्या गुलामीस हातभार लावतो. मात्र दूरदेशीच्या मालाची चौकशी सामान्य गृहस्थास करता येत नाही. म्हणून आपल्या नजरेच्या टप्प्यात होणारा माल घ्यावा. निसर्गाच्या बाबतीतही खर्चून संपणाऱ्या साधनांवर उभारलेली अर्थव्यवस्था आणि टिकणारी अर्थव्यवस्था यांतील भेद त्यांनी १९४५ च्या सुमारास सविस्तर मांडला होता. पर्यावरणाची चिंता ही अलीकडची आयात आहे असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

जवळचे ते माहितीचे, हे कुमारप्पांचे गृहीत मात्र आमच्या मराठवाड्यात पारखून पाहण्यासारखे आहे. नांदेड हे जुन्या काळापासून तलम मलमलीसाठी आणि जरीकाठी वस्त्रांसाठी नावाजलेले गाव. इसवी सन १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून लोहमार्ग आला आणि येथील कापूस गाठी बांधून मुंबईकडे जाऊ लागला. निजामाच्या अमदानीत नांदेडास उस्मानशाही गिरणी निघाली. तिच्यावर शहरातील अनेक मजूर कुटुंबे पोसली गेली आणि पुढे तीही बंद पडली. हातमागाची परंपरा आज दिसते ती मुख्यतः खादीच्या रूपाने. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेले गृहस्थ होते. त्यांच्या परंपरेतल्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात खादीचे काम वाढविले. लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणलेल्या खादीचे राष्ट्रध्वज नांदेडास मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात. देशात असा मान मोजक्याच ठिकाणांस आहे. कर्नाटकातील हुबळीजवळचे बेंगेरी हे त्यांतील दुसरे.

राष्ट्रध्वजाइतकी काटेकोर मुद्रा दुसऱ्या कोणत्याही वस्त्रावर नाही. त्याचे मानक १९५१ साली ठरले आणि १९६८ साली सुधारले गेले. सुताची संख्या, कापडाचे वजन, त्याची ताकद, रंगाचा पक्केपणा, शिवण, दोरी, या सर्वांची मापे त्यात दिलेली आहेत. एखाद्या बाबतीत उणे निघाले तर माल नापास होतो. तथापि या मानकात कातणारीच्या दिवसाचे माप नाही. ते असावे अशी अपेक्षा कोणी केलीही नसेल. पण मग झाले काय? ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत सुधारणा होऊन यंत्राने केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांस मुभा मिळाली. पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलापासून काढलेला धागा. तो मातीत कुजत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात हुबळीच्या खादी संघाने या सुधारणेविरुद्ध निषेध केला. कायद्याच्या दृष्टीने वस्त्राचे माप बदलले होते, एवढेच. त्या मापात जर माणसाचे पोट प्रथमपासून धरलेले असते, तर स्वस्त धाग्याला दार उघडताना कोणाच्या ताटातले काय जाणार, हा हिशेब आधी मांडावा लागला असता.

खादीच्या नावाचे आजचे रक्षण खादी आणि ग्रामोद्योग आयोग करतो. २०१३ साली ‘खादी मार्क’ची नियमावली झाली. २०१७ साली आयोगाने फॅबइंडिया या तयार कपड्यांच्या नामांकित छापेस खादी हे नाव वापरल्याबद्दल नोटीस दिली, आणि २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात ५२५ कोटी रुपयांच्या भरपाईची मागणी केली. नाव कोणी वापरावे, याविषयीचा हा वाद होता, आणि नावाची राखण करणे हे आयोगाचे कर्तव्यच आहे. दुसरीकडे कातणाऱ्यांचा दर १ एप्रिल २०२३ पासून गुंडीमागे साडेसात रुपयांवरून दहा रुपये करण्यात आला आणि २ ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु वाचकांनी लक्षात घ्यावे की हा दर गुंडीचा आहे, दिवसाचा नव्हे. आठ तासांत किती गुंड्या निघतात, चरखा किती चात्यांचा आहे, पेळू वेळेवर येतात की नाही, यांवर घरी जाणारी रक्कम ठरते. १९३५ च्या ठरावाने गुंडी न मोजता दिवस मोजला होता; त्यातच त्याचे शहाणपण होते.

आता या साखळीच्या अगदी पहिल्या कडीकडे, लोह्या-कंधारच्या रानांकडे, जाऊ. नांदेड येथून तासाभराच्या वाटेवर ही पऱ्हाटीची शेते आहेत. पूर्वी या भागात गावरानी जातीचा कापूस होई. धागा फार लांब नसला तरी तो पावसाच्या पाण्यावर तग धरी आणि शेतकरी पुढील सालासाठी सरकी घरीच ठेवी. १९८० च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेले ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण मराठवाड्यात व विदर्भात फार लोकप्रिय झाले. उत्पन्न वाढले, आणि बियाणे दरसाल विकत घेण्याची रीतही त्याबरोबर रुजली. मार्च २००२ मध्ये बीटी वाणांस परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळीचा उपद्रव खरोखरच घटला आणि फवारणी कमी झाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषास पचवू लागली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील बोंडे तिने पोखरून काढली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत गेले. वेचणीचे काम मुख्यतः बायका करतात. मजुरी वेचलेल्या वजनावर मिळते, आणि बोंडे किडकी निघाली की तेवढ्याच तासांत वजन कमी भरते. किडीचा तोटा असा मालकाबरोबर मजुरणीच्याही अंगावर येतो.

या रानाचा आणि उदगीरच्या मागाचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर उत्तर असे की तो जोडलेला असेलच याची खात्री नाही. आयोगाचे पेळू तयार करणारे मोठे कारखाने मध्य प्रदेशातील सिहोर, कर्नाटकातील चित्रदुर्ग अशा ठिकाणी आहेत. खादी संस्थांस पेळू तेथून मिळतात. लोह्याची रुई व्यापाऱ्याच्या गाठीत मिसळून कोठेही जाऊ शकते, आणि नांदेडच्या ध्वजातला कापूस कोठलाही असू शकतो. म्हणजे नजरेच्या टप्प्यात राहूनही शेत आणि वस्त्र एकमेकांस अनोळखी झाले आहेत. खादीची व्याख्या चरख्यापासून सुरू होते. त्याआधीचा कापूस तिच्या मापाबाहेर राहिला. कातणारीस १९३५ साली जो न्याय शब्दांत तरी मिळाला, तो वेचणारीस कोणत्याही ठरावात मिळालेला नाही.

परदेशी छापांची कथा याहून निराळी नाही. तिचा आकार तेवढा मोठा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपली माणसे घरी पाठवली. वरच्या मजल्यांवरील शिवणकामाच्या मजुरांस मात्र सकाळी आत बोलावण्यात आले. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतील प्रसिद्ध छापांच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्या इमारतीतील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी पूर्वी झालेली होती. परंतु इमारतीची मजबुती त्या तपासणीच्या मापात नव्हती. शेतीच्या बाजूने पाहावे तर ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांना ‘गॉट्स’ ही मुद्रा देणाऱ्या संस्थेनेच जाहीर केले की, भारतातील सुमारे २०,००० टन कापसाचे सेंद्रियत्वाचे दाखले बनावट निघाले. येथे माप होते, पण मोजणारा कागदच मोजीत होता, शेत नव्हे.

या सर्व इतिहासापासून सामान्य गृहस्थाने काय घ्यावे? प्रत्येक सदरा घेताना चौकशी-समिती नेमणे कोणास शक्य नाही, आणि महाग ते न्याय्य असेही नाही. १९०५ च्या धोतराची गोष्ट आपण पाहिलीच. आमच्या मते छापेकडून प्रथम एकच उत्तर मागावे: तुम्ही काय मोजले आणि काय मोजले नाही? जी छाप शिवणाऱ्याच्या दिवसाची मजुरी आकड्यात सांगते, कापूस कोणत्या तालुक्यातून घेतला ते सांगते, आणि वेचणीची मजुरी अद्याप आम्हांस मोजता आलेली नाही असेही प्रांजळपणे सांगते, ती अधिक विश्वासाची. जी केवळ गोड विशेषणे लिहिते, तिच्या विशेषणांस धुतल्यावर विटणाऱ्या रंगाइतकेच मोल द्यावे. दुसरे असे की, मोजणारा कोणाच्या पगारावर आहे आणि तो शेतापर्यंत पायी गेला की कागदावर सही करून परतला, हेही विचारावे.

आणि तिसरी गोष्ट आमच्या मराठवाड्यापुरती. ज्या भूमीत कापूस पिकतो, सूत कातले जाते आणि राष्ट्राचा ध्वज शिवला जातो, तेथे ही सगळी कामे एका हिशेबात आणणे इतर कोठल्याहीपेक्षा सोपे असले पाहिजे. लोह्याच्या शेतकऱ्याची रुई त्याच्या नावानिशी उदगीरच्या मागापर्यंत न्यावी आणि वेचणीपासून विणाईपर्यंत प्रत्येक हातास आठ तासांचे काय मिळाले, ते ताग्याच्या कडेवर छापावे, ही मागणी अवास्तव नाही. सुताची संख्या जर छापता येते, तर मजुरीचा आकडा का छापता येऊ नये? खादी संस्थांपुढे, कापूस संशोधन केंद्रापुढे आणि ध्वज विकत घेणाऱ्या प्रत्येक कचेरीपुढे ही मागणी ठेवण्यास आरंभ आताच करता येईल. १९३५ साली वर्ध्याच्या त्या बैठकीत २० वार कापड आणि पोटभर अन्न असा हिशेब मांडणाऱ्यांकडे आजच्याइतकी साधने नव्हती. त्यांनी फक्त मोजण्याचा आरंभ माणसापासून केला होता.